मूळ चावी

४ जून

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

आज सकाळी उठलो, दूध तापवलं, स्वयंपाकघरातल्या नळाचा वायसर बदलला. तो गळत नव्हता. मग चालत दुकानापर्यंत गेलो आणि परत आलो. जेवलो. दुपारी पुस्तकांचं कपाट भिंतीपासून पुढे ओढून मागची धूळ पुसली. संध्याकाळी पुन्हा दुकानापर्यंत जाऊन आलो. दिवस एवढाच.

पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर आपण दोघं 'हॅलो, जेवलात का, हो, तू जेवलीस का' याच्या पुढे सरकत नाही. मग भोंगा फोन हिसकावून घेते आणि एक शब्द न बोलता त्यात नुसता श्वास सोडत बसते. एरवी घर डोक्यावर घेणारी पोर फोनवर कशी गप्प होते कोण जाणे. मला तो श्वास ऐकायला आवडतो, पण कामाचं बोलणं राहून जातं. कचेरीत मी आयुष्यभर टिपणं लिहिली. घरची पत्रं तुझ्या सासूबाई लिहायच्या, त्या गेल्यावर ती बंदच पडली. तेव्हा हे टिपणासारखं वाटलं तर चालवून घे.

दुकानाच्या शटरवर माझ्या मुलाची पाटी अजून आहे. 'बाहेर कामावर आहे. लगेच येतो.' कुणाचं तरी अडकलेलं कुलूप उघडायला निघताना लावली होती. तो त्या लोकांच्या जिन्यातच कोसळला, त्यामुळे ती काढायला कुणी आलंच नाही. गिऱ्हाइकं अजून शटरखालून चिठ्ठ्या सरकवतात. मी रोज पाटी काढायला म्हणून जातो आणि न काढता परत येतो. इमारतीचा रखवालदार मी दिसलो की दुसरीकडे बघायला लागतो. भला माणूस आहे.

आता काम. भोंगाच्या पहिल्या शब्दावरून तुझ्या आईची आणि माझी पैज लागली होती. तू तेव्हा समोर औषधांच्या दुकानात गेली होतीस, म्हणून झालं ते जसंच्या तसं सांगतो. पोरगी दुकानाच्या फळीवर बसली होती. तिच्या मागे कोऱ्या चाव्यांच्या माळा लटकत होत्या. त्याने एक चावी कापली, यंत्र बंद केलं, आणि त्या शांततेत ती बोट दाखवून स्पष्ट म्हणाली, "चावी."

व्याहीणबाई कोकणीत अशा ओरडल्या की मला वाटलं पोर पडली. "आयकलें? आमची भास!"

मी म्हणालो, "मराठी आहे." इतक्या घाईने मी आयुष्यात दुसरं वाक्य बोललो नसेन.

"तुमचं मराठी? घरात तर तुम्ही उठल्यापासून किल्ली, किल्ली करता. आता चावी तुमची कशी झाली?"

"घड्याळाला आम्ही चावीच देतो."

"घड्याळाला खुशाल द्या. पोरीने घड्याळाकडे बोट नाही केलं."

रस्त्यावरची दोन माणसं थांबून ऐकायला लागली. तो कानस हातात घेऊन हसत होता. शेवटी पैज अशी ठरली की हरेल त्याने जिंकणाऱ्याच्या भाषेत एक पत्र लिहायचं, आणि निकाल त्याने द्यायचा. त्याने कानस फळीवर आपटली आणि न्यायाधीशासारखा चेहरा करून म्हणाला, "दोन्ही पक्षांचं ऐकून घेतलं. निकाल राखून ठेवण्यात येत आहे." पुढे दोन वर्षं मी जेव्हा जेव्हा विचारलं तेव्हा तेव्हा हेच उत्तर. निकाल राखून ठेवलाय, बाबा.

त्याने तुला काही सांगितलं होतं का? हा शब्द मुळात कुणाचा, हे मी शोधायचं ठरवलं आहे. घरात बसवत नाही. ग्रंथालयात तरी खुर्ची दुसऱ्याची असते.

भोंगाला आशीर्वाद. तुझ्या आईस नमस्कार.

बाबा


१२ जून

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र आलं. मी ते उभ्यानेच वाचलं. हल्ली मी सगळं उभ्यानेच करते. आई म्हणते, तुझ्या पायाला भिंगरी लागलीय, तू जरा बसलीस तर मलाही बसता येईल. मग मी बसते, आणि थोड्या वेळाने बघते तर मी बाल्कनीत उभी असते आणि हातात कुणाचा तरी टॉवेल असतो.

इथे आईकडे एका लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम मिळालं आहे. सकाळी उपाशी लोकांची रांग असते. सगळे चिडलेले असतात आणि सुई बघून तोंड फिरवतात. मला बरं वाटतं. त्यांच्या हातावर बोट ठेवून शीर शोधायची, तेवढा वेळ डोक्यात दुसरं काही येत नाही. लॅबवाले खूश आहेत.

भोंगा ठीक आहे. शेजारच्यांच्या कुत्र्यावर ती भुंकते, आणि तो ऐकून घेतो. बाबा कुठे आहे हे तिने आता विचारायचं सोडलं आहे. ते चांगलं की वाईट, मला कळत नाही.

निकालाबद्दल. त्याने मला सरळ काही सांगितलं नाही. पण एकदा मी फारच मागे लागले तेव्हा हसायला लागला आणि म्हणाला, "दोघांनाही पत्र लिहायला लागणार आहे, बघ तू." मला वाटलं, तुमची दोघांची थट्टा करतोय.

अजून एक. घराची चावी माझ्याकडेच आहे. लग्नानंतर त्याने दिली तीच. देताना म्हणाला होता, "ही मूळ आहे, कारखान्यातून कुलपाबरोबर आलेली. नक्कल नाही. हरवू नकोस." मी ती पर्समध्ये ठेवते. लॅबच्या चाव्यांबरोबर ती पण हाताला लागते. तुम्हाला लागत असेल ना? पाठवू का?

तब्येतीला जपा. नळ गळत नसेल तर उघडू नका.

तुमची सून


२० जून

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. नोकरीचं वाचून बरं वाटलं.

शब्दाचं काम पुढे गेलं आहे. इथल्या ग्रंथालयातल्या बाई तोंडाने तिखट आहेत. मी तिसऱ्या दिवशी शब्दकोश मागितला तेव्हा म्हणाल्या, "आजोबा, कुठल्या परीक्षेला बसताय?" मी म्हणालो, नातीच्या. त्यानंतर मात्र न मागता पुस्तकं काढून द्यायला लागल्या.

तर चावी हा शब्द तुझ्या आईचा नाही आणि माझाही नाही. तो पोर्तुगीज आहे. जहाजातून आलेल्या लोकांनी आणला, आणि कोकणी आणि मराठी दोन्हींनी घेतला. एकटा चावीच नाही. बादली त्यांची, इस्त्री त्यांची, फीत त्यांची, पिंप त्यांचं. मी घरी येऊन न्हाणीघराच्या दारात उभा राहिलो आणि मोजायला लागलो तर आपलं निम्मं सामान जहाजातून उतरलेलं निघालं. तुझं लग्न झालं तेव्हाची गोष्ट आठवली. तुझी आई चार दिवस राहिली होती. त्यांचं कोकणी मला झेपायचं नाही आणि माझं मराठी त्यांना पुटपुटल्यासारखं वाटायचं, पण बादली, साबण, इस्त्री यांच्यावर आमचं कधी अडलं नाही. आम्हाला वाटायचं, आपल्या भाषा जवळच्या म्हणून. त्या जवळच्या आहेतच. पण नेमके हे शब्द तिसऱ्याच कुणाचे होते.

म्हणजे त्याला निकाल माहीत होता. दोघंही हरलो. दोघांनी पत्र लिहायचं. आईला सांग.

एक गोष्ट मात्र मनात खुपते. त्या लोकांचा आजचा उच्चार 'शाव्ह' असा आहे, असं पुस्तकात दिलं आहे. आपण 'चावी' म्हणतो. म्हणजे श चा च आपल्याकडच्या लोकांनी केला असणार. एवढा लांबून आलेला शब्द, तो नीट तरी ठेवायचा. ऐकून ऐकून बिघडवला. नकलेवरून नक्कल काढली की असंच होतं. तो गिऱ्हाइकांना नेहमी सांगायचा ना, की मूळ चावी आणा, नकलेवरून मी कापून देणार नाही, प्रत्येक वेळी दात थोडे थोडे चुकत जातात.

चावीचं म्हणशील तर तुला पर्समध्ये जड होत असेल तर पाठवून दे. माझं काही अडत नाही, माझ्याकडे माझी आहे. पण तुला उगीच ओझं नको.

भोंगाला आशीर्वाद.

बाबा


२७ जून

ती. बाबा,

सादर नमस्कार.

चावी सोबत पाठवत आहे. मिळाल्याचं कळवावं.

भोंगा ठीक आहे. आईला पैजेचं सांगितलं.

काळजी घ्या.


५ जुलै

चि. सूनबाईस आशीर्वाद.

चावी मिळाली. पाकिटाला घडी घालून आत पुठ्ठा लावला होतास, त्यामुळे वाकली नाही.

चालते का हे बघावं म्हणून बाहेर उभा राहून दाराला लावली. ती आत गेली आणि फिरली. एवढंच. दार उघडलं. मला काही कळेना. मी ते कुलूप इतकी वर्षं उघडतो आहे, आणि ते असं कधी उघडलं नाही.

माझी चावी कशी आहे ते तुला माहीत आहे. आत घालायची, केसभर मागे घ्यायची, थोडी वर उचलायची, मग फिरवायची. ती त्याने कापलेली पहिली चावी आहे. नुकताच मेस्त्रीच्या हाताखाली लागला होता. दाखवायला आणली तेव्हा तोंडावर लोखंडाचा कीस होता. पुढे हात बसल्यावर कितीतरी वेळा म्हणाला, "बाबा, द्या ती इकडे, नवी कापून देतो. लोक काय म्हणतील, चावीवाल्याच्या बापाचंच कुलूप अडतं." मी दिली नाही. माझ्या हाताला सवय झाली होती. खरं म्हणजे मी समजून चाललो होतो की कुलूपच तसं आहे.

तुझ्या चावीने दार उघडल्यावर मी उंबऱ्यात उभा राहिलो. दुसऱ्याच्या घरात आल्यासारखं वाटलं. मग दार लावून घेतलं आणि फिरायला गेलो. परत आलो, पुन्हा गेलो. तिसऱ्यांदा निघालो तेव्हा खालच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "काका, काही विसरताय का?" मी म्हणालो, हो.

तिथली तुझी नोकरी कायम झाली असेल तर चांगलंच आहे. पोरीला आजी आहे, कुत्रा आहे. इथे बाहेरच्या खोलीत तिची खाट मांडलेली आहे. ती दुमडून माळ्यावर ठेवू का? तसं मला ती आड येत नाही. पण तुला तिकडे लागत असेल तर पाठवण्याची व्यवस्था करतो.

भोंगाला आशीर्वाद सांग.

बाबा


१४ जुलै

व्याही, नमस्कार.

मी मराठी लिहिते. तुमच्या पैजेचं पत्र. शाळेत शिकले तेवढंच येतं. चुका असतील त्याला हसू नका. हसलात तरी मला इथून दिसत नाही.

पहिली गोष्ट. शब्द पोर्तुगीज असू दे. पोर बोलली तेव्हा तिला पोर्तुगीज येत नव्हतं. तिने तो आपल्या दोघांकडून ऐकला. तुम्ही एकदा चावी म्हणता आणि नऊ वेळा किल्ली, म्हणून जास्त माझ्याकडून. हे मी लिहून ठेवते. पण जावयाने निकाल दिला तर मी मानते. तो बरा मुलगा होता. माझ्याशी कोकणी बोलायचा, सगळं चुकीचं, आणि थांबायचा नाही.

दुसरी गोष्ट. त्याच्यासाठी मी बसले आहे लिहायला.

तुम्ही माझ्या मुलीकडून घराची चावी का मागून घेतली?

ती म्हणते मागितली नाही, मीच विचारलं पाठवू का, आणि बाबा म्हणाले पाठव. मग मी तिला म्हटलं, तू विचारलंस कशाला? ती टॉवेल वाळत घालायला गेली. मी तिची आई आहे, मला कळतं. ज्या बाईला चावी पाठवायची असते ती विचारत नाही, पाठवते. जी विचारते तिला 'नको पाठवू, तुझं घर आहे, तुझ्याकडे ठेव' हे ऐकायचं असतं. तुम्ही म्हणालात जड होत असेल तर पाठव. चावी किती जड असते, व्याही?

त्या दिवशी ती टपालात टाकून आली आणि सगळी भांडी पुन्हा घासली. घासलेली. रडली नाही. रडली असती तर मी तुम्हाला लिहिलं नसतं.

आणि आता तुम्ही विचारता खाट दुमडू का. ती वाचून म्हणाली, बघ, त्यांना आम्ही तिथे नको. मी म्हटलं, बाई गं, हे तर तुझंच पत्र परत आलं. तू विचारतेस चावी पाठवू का, ते विचारतात खाट दुमडू का. दोघं एकमेकांना 'नको' म्हणण्याची वाट बघत बसला आहात आणि कुणी म्हणत नाही. सभ्य माणसं. मला तुमच्या दोघांच्या सभ्यपणाचा वैताग आला.

नोकरी कायम नाही. तिथली एक मुलगी बाळंतपणाच्या रजेवर आहे तिच्या जागेवर आहे. ती मुलगी परत आली की संपली. हे तिने तुम्हाला सांगितलं नसणार. तुम्ही विचारलं नसणार.

मला ती इथे राहिली तर आवडेल. मी एकटी आहे. तरी मी हे लिहिते. रोज दुपारी ती खिडकीत उभी राहते आणि पर्समध्ये हात घालते. तिथे आता चावी नाही.

पोर मजेत. कुत्र्याला मराठी शिकवते.

तुमचं पत्र कोकणीत पाहिजे. सुटका नाही.

व्याहीण


२२ जुलै

व्याहीणबाय,

तुमची चीट पावली. हांव चुकलों. चावी परत धाडटां.

चि. सूनबाई, वरच्या ओळी तुझ्या आईसाठी आहेत. त्यांना वाचून दाखव. ग्रंथालयातल्या बाईंच्या ओळखीच्या एका शिक्षिकेने तपासून दिल्या. तिने तीन वाक्यांत बऱ्याच दुरुस्त्या केल्या. चावी हा शब्द तेवढा होता तसाच राहिला, त्याला हात लावावा लागला नाही.

आता तुला लिहितो. हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं, कारण प्रत्येक वेळी त्यात 'तुला सोयीचं असेल तर' असं कुठेतरी येत होतं. तुझी आई म्हणते ते खरं आहे. तुझी चावी हातात आली तेव्हा मला वाटलं, तू आता इथलं सगळं मिटवलंस. मिटवलं असशील तर तुझा हक्क आहे, असं स्वतःला सांगत मी त्या दिवशी रस्त्याने हिंडलो. तुला विचारलं नाही. आमच्या घरात विचारायची पद्धत नव्हती, आम्ही एकमेकांचा अंदाज घ्यायचो. तो एकटाच बडबड्या निघाला. आपल्या दोघांचं बोलणं तोच इकडून तिकडे नेत होता, हे माझ्या आत्ता लक्षात येतं आहे. त्याच्यामुळे आपल्याला कधी सरळ बोलावंच लागलं नाही.

दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

एक शब्दाची. मी तुला लिहिलं होतं की आपल्या लोकांनी शब्द बिघडवला. ते चूक होतं. ग्रंथालयातल्या बाईंनी दुसरं पुस्तक काढून दिलं. जहाजं आली त्या काळी ते लोक स्वतःच 'च' म्हणत होते. पुढे त्यांच्याकडेच तो झिजला आणि त्याचा 'श' झाला. त्यांच्या उत्तरेकडच्या काही भागांत अजून जुना उच्चार ऐकू येतो म्हणतात, पण बाकी देशातून तो गेला. आपल्याकडे तो जसा उतरला तसाच आहे. तुझी आई म्हणते, मी म्हणतो, भोंगा म्हणते. म्हणजे नक्कल तिकडची झाली, आणि मूळ इतक्या लांब येऊन आपल्याकडे राहिलं. मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. बाईंनी विचारलं, "परीक्षा संपली का, आजोबा?" मी रुमाल शोधायला लागलो. त्यांनी पाण्याचा पेला आणून ठेवला आणि दुसरीकडे गेल्या.

दुसरी गोष्ट चावीची. तो तुला एवढंच म्हणाला की ही मूळ आहे, हरवू नकोस. का, ते त्याने सांगितलं नसावं. गिऱ्हाइकांना मात्र रोज सांगायचा, मी दुकानात बसून कितीदा ऐकलं आहे. मूळ चावी घरात ठेवायची नाही. घरात वापरायला नक्कल. मूळ द्यायची ती घराबाहेर असणाऱ्या भरवशाच्या माणसाला. कारण घरातल्या चाव्या हरवतात, झिजतात, माणूस आत अडकतो नाहीतर बाहेर. मग त्या बाहेरच्या माणसाने यायचं, त्याच्याजवळच्या चावीने दार उघडायचं आणि तिच्यावरून पुन्हा सगळ्यांच्या चाव्या कापायच्या. लोक कुरकुरायचे, खरी चावी परक्याकडे कशी द्यायची म्हणून. तो म्हणायचा, परक्याला देऊ नका, जो परत येणार आहे त्याला द्या.

तुझी चावी या पाकिटात आहे. पुठ्ठा तूच लावलेला आहे, तोच वापरला. ती तुझ्याकडे राहू दे. इथे माझ्याकडे असून तिचा उपयोग नाही.

ती मुलगी रजेवरून परत आली की भोंगाला घेऊन ये. मी विचारत नाही, सांगतो आहे. ये. आईलाही आण, त्या नाही म्हणतील, तरी आण. पुढे तुला तिकडे नोकरी धरायची असेल, दुसरं काही करायचं असेल, तर ते तू इथे समोर बसून मला सांग, आणि मीही मला काय वाटतं ते सांगेन. दोघांनाही जमणार नाही लवकर. पण पोरीच्या आवाजात ते खपून जाईल.

खाट दुमडणार नाही. काल तिच्यावरची गादी उन्हात टाकली.

दुकानात गेलो होतो. पाटी काढून घरी आणली. शटरखालच्या चिठ्ठ्याही आणल्या, पण त्या उघडल्या नाहीत. दुकानाचं काय करायचं ते तू आल्यावर ठरवू. कोऱ्या चाव्यांच्या माळा तशाच आहेत. भोंगाचं बोट पोचायचं त्या खालच्या खिळ्यावरची माळ मी जरा वर टांगली होती, ती पुन्हा खाली घेतली.

आशीर्वाद.

बाबा

ता. क. हे टपाल कचेरीत उभ्याने लिहितो आहे. घरून निघताना पाकिटात घालण्याआधी तुझी चावी एकदा तेलाच्या फडक्याने पुसली. मग पाकीट न चिकटवता खिशात घातलं, दार ओढलं, माझी चावी आत घातली, केसभर मागे घेतली, थोडी वर उचलली आणि कुलूप लावलं.